आजोबा, झुळूक आणि बाकीचे चार

माझ्या नातीच्या एका पत्राला मी बरेच दिवस उत्तर दिलं नव्हतं. पत्र मोठ्या शब्दकोशात ठेवलेलं होतं आणि शब्दकोश मी रोज उघडतो, त्यामुळे विसरलो होतो असं म्हणायचीही सोय नाही. जन्मभर ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसून मी पुस्तकांची कार्डं लिहिली. कुठलं पुस्तक कुठल्या विषयात घालायचं हे मला चटकन कळतं, म्हणजे कळतं असा माझा समज आहे. पण हे पत्र क्रीडा विभागात घालावं की तत्त्वज्ञानात, हे मला ठरवता येईना. ते असं होतं:

‘प्रिय आजोबा, माझं गेमचं मशीन तुमच्याकडेच राहिलं. हॉस्टेलवर फोन चालत नाही, पण मशीन रविवारी चालतं. रविवारी खेळाच्या खोलीत मॅच असतात. सहा मॉन्स्टरची टीम लागते. माझ्याकडे तीनच धड आहेत. बाकीचे तीन तुम्ही पकडा आणि शिकवून तयार करा. टीम बॅलन्स्ड पाहिजे, नुसते मारकुटे नकोत. तुम्हाला वेळ असतो. मग मशीन पार्सलने पाठवा. अजून एक. इथे माझ्याशी कोणी बोलत नाही. भांडण नाही झालं, नुसतं बोलत नाहीत. तुमच्याशी पण कोणी बोलत नाही ना? मग तुम्ही काय करता?’

अकरा वर्षांच्या मुलीनं मला एखाद्या विषयातला तज्ज्ञ समजून सल्ला विचारावा, हा माझ्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग. आणि विषय हा! उत्तराचे मी बरेच मसुदे केले. त्यातला एक तर थोरामोठ्यांच्या आयुष्यातलं एकाकीपण या विषयावर तीन पानं झाला होता. तो वाचून पोरगी स्वतःशीसुद्धा बोलायची बंद झाली असती. शेवटी ठरवलं की आधी सोपं काम उरकावं, अवघड प्रश्नाचं मग बघू. सोपं काम म्हणजे राक्षस पकडणं.

मशीन तळहाताएवढं. सोबत एक काळी दोरी आली होती, दोन्ही टोकांना चपट्या पट्ट्या असलेली. ती मला कशाची ते कळलं नाही, पण लांबी-जाडी उत्तम होती, म्हणून मी ती पुस्तकात खुणेसाठी वापरायला घेतली. मशीन सुरू केलं. त्यातल्या जगात हिरवी कुरणं, नद्या, पूल, आणि गवतातून अचानक उड्या मारणारे विचित्र प्राणी. प्राणी दिसला की त्याच्याशी आपल्या प्राण्याला लढवायचं आणि तो दमला की जाळं टाकून आपलासा करायचा. आग झाडाला जाळते, झाड पाणी पितं, पाणी आग विझवतं, म्हणून टीममध्ये सगळं थोडं थोडं हवं. एवढं मला मशीनसोबतच्या पुस्तिकेवरून कळलं. पुस्तिका मी दोनदा वाचली, समास आखून टिपणंही काढली.

नातीकडे तीन प्राणी होते. डबक्या नावाचा पाण्याचा गोळा. झुळूक नावाची पांढुरकी, पिसासारखी काहीतरी, जी फुंकर घालून जखमी प्राण्यांना बरं करायची. आणि तिसरं एक कासव. जाड पाठ, मंद चाल, लढाई सुरू झाली रे झाली की मान आत. त्याचं नाव तिनं ठेवलं होतं ‘आजोबा’.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आजोबाच.

मला राग आला नाही. मला राग येत नाही, आला तर तो दोन दिवसांनी येतो. पण त्या कासवाकडे बघवेना. कुणी समोर आलं की मान आत! अगदीच खोटं असतं तर वाईट वाटलं नसतं.

तासाभरानं मशीन आपणहून थांबलं आणि पडद्यावर अक्षरं आली: ‘आज पुरे! आता बाहेर जाऊन खेळा. जास्त वेळ हवा असल्यास आई-बाबांना विचारा.’ माझ्या आई-बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. मग उलगडा झाला की खातं लहान मुलीचं आहे आणि पालक म्हणून नोंद माझ्या मुलाची. मी ‘विचारा’वर बोट ठेवलं, तसा त्याच्या ऑफिसात निरोप गेला असावा, कारण लगेच फोन आला.

“बाबा, तुम्ही खेळताय?”

“खेळत नाही रे. तिचं काम करतोय.”

“संध्याकाळचं फिरून आलात?”

“नाही अजून.”

“मग आधी फिरून या. गोळी घेतलीत का? मग देतो अर्धा तास.”

याच मुलाला मी अभ्यास झाल्याशिवाय गोष्टीचं पुस्तक देत नसे. फिरून आलो. मला अर्धा तास मिळाला. आणि तेवढ्यात मशीनची बॅटरी संपली.

चार्जर सापडेना. कपाटं पाहिली, खोके पाहिले. आता कुणाकडे तरी मागणं आलं. इथे थोडं सांगायला हवं. बायको होती तेव्हा घराची वाटणी अशी होती की शेजारीपाजारी तिच्याकडे आणि वाचन माझ्याकडे. ती गेल्यावर माझा विभाग तेवढा उघडा राहिला. समोरच्या दारात निवृत्त सिस्टर राहतात. मोठ्या दवाखान्याचा वॉर्ड त्यांनी एकटीनं चालवला होता, आणि आता तो नसल्यामुळे जिना चालवतात. त्यांची बेल मी कधीच वाजवली नव्हती. मी वाक्य तयार केलं: ‘आपल्याकडे, गैरसोय होत नसेल तर, चार्जर मिळू शकेल काय?’ दारातल्या दारात ते पाचसहा वेळा म्हणून पाहिलं. आणि बेल वाजवायच्या आत दार उघडलं.

“काका, कुणाशी बोलताय मघापासून?”

“आपल्याकडे गैरसोय,” मी म्हणालो, आणि पुढचं विसरलो.

त्यांनी माझ्या हातातलं मशीन घेतलं, खालचं भोक बघितलं, आत गेल्या आणि स्वतःच्या फोनचा चार्जर घेऊन आल्या. पण तो मला न देता सरळ माझ्या घरात शिरल्या, भिंतीत खुपसला आणि खुर्ची ओढून बसल्या. “चार्जर माझा आहे, मी इथेच बसते. हं, काय आहे हे?”

मी सांगितलं. राक्षस सांगितले, टीम सांगितली. पत्रातला शेवटचा प्रश्न नाही सांगितला.

“म्हणजे वॉर्ड लावायचाय,” त्या म्हणाल्या. “तुमच्यात सलाईनवाली आहे, पण सुईवालं कुणी नाही.” आणि त्याच दिवशी त्यांनी गवतातून एक निवडुंग पकडायला लावला. तो काटा टोचायचा आणि समोरचा हळूहळू गळायचा. त्याचं नाव काट्या.

दुसऱ्या दिवशी त्या खालच्या मजल्यावरच्या कोचना घेऊन आल्या. कोच शाळेत व्हॉलीबॉल शिकवायचे. त्यांचा आवाज अजून मैदानाच्या मापाचा आहे, आमची खोली त्याला चारही बाजूंनी अपुरी पडते.

“डिफेन्स सोडा काका! स्मॅशर कुठाय तुमचा? पुढे कोण खेळणार? हा पाण्याचा फुगा?”

त्यांच्या आग्रहानं धडक्या आला. तो एक दगडी बैल. धडक मारण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं आणि कोचना त्याच्यापलीकडे काही दिसत नव्हतं. प्राण्यांना ते खेळाडू म्हणत, सिस्टर पेशंट म्हणत. मी मंडळी म्हणत असे.

पाच झाले. सहावा शोधायचा होता, तेवढ्यात माझ्या हातून ती गोष्ट घडली.

माझ्या स्वभावात एक खोट आहे. मला नाही म्हणता येत नाही. दारावर आलेल्या विक्रेत्यांकडून मी तीन वेळा तोच विश्वकोश घेतला आहे. मशीनमधल्या गावात माणसंही असतात, चित्रातली, आणि ती आपल्याला काहीबाही विचारतात. पुलावर एक म्हातारी उभी होती. ती म्हणाली, ‘बाळा, मला जाड पाठीचा, शांत प्राणी हवा आहे. तुझ्याकडे आहे तो देशील? मी तुला माझा आगीचा पक्षी देईन.’ खाली दोन चौकोन, ‘हो’ आणि ‘नाही’. एकतर कितीतरी वर्षांनी मला कुणी बाळा म्हटलं होतं. शिवाय आगीचा पक्षी म्हणजे भडकू, फारच देखणा होता. आणि खरं सांगायचं तर, टीममधून कुणी कमी करायचं झालं तर ‘आजोबा’ जावेत, यात मला गैर काहीच वाटलं नाही. नातीला मान आत घालणारा म्हातारा कशाला? म्हातारीनं पुन्हा विचारलं, ‘नक्की?’ तिसऱ्यांदा विचारलं, ‘पुन्हा विचार कर.’ तिसऱ्यांदा विचारणाऱ्या बाईला नाही म्हणणं मला असभ्य वाटलं. मी ‘हो’ दाबलं. कासव पूल ओलांडून गेलं. मला हलकं वाटलं.

त्या संध्याकाळी वाढीव वेळेसाठी मुलाचा फोन आला तेव्हा मी ही सुधारणा त्याला अभिमानानं सांगितली.

“बाबा, कोणाला देऊन टाकलंत?”

“त्या कासवाला. ते काही करत नव्हतं रे.”

“बाबा, तो तिचा पहिला मॉन्स्टर आहे. तिनं त्याला एकदाही टीमबाहेर काढलेलं नाही. मी एकदा काढ म्हटलं तर दिवसभर जेवली नाही. म्हणाली, आजोबा असले की मी हरले तरी हळूहळू हरते.”

मी फोन ठेवला. पत्रात तिनं ‘तीनच धड आहेत’ असं लिहिलं होतं. त्या धड तिघांत मी होतो, आणि मला काढणारा एकटा मीच निघालो.

सिस्टरनी मशीन बनवणाऱ्या कंपनीचा मदतीचा नंबर काढला. तिथल्या मुलीनं फार गोड आवाजात विचारलं, “आपलं वय?”

“चौऱ्याहत्तर.”

“खातेदाराचं वय अकरा दिसतंय. पालकांना फोन द्या.”

“पालक माझा मुलगा आहे.”

“मग मुलाचा पालक म्हणून आपण बोलताय का?”

“मी त्याचा पालक आहे, पण तो माझा पालक आहे,” मी म्हणालो. हे वाक्य कुठल्या विषयात घालावं हे त्या मुलीलाही कळलं नसावं, कारण तिनं बराच वेळ संगीत लावलं. नंतर मुलानं फोन केला. त्याला सांगण्यात आलं की खातेदार मुलगी समक्ष हजर हवी. मुलगी हॉस्टेलवर, तिथे फोन बंद. शेवटी कुणी वरिष्ठ आले. म्हणाले, स्वखुशीनं केलेली अदलाबदल रद्द होत नाही, तुम्हाला तीनदा विचारलं होतं.

“तीनदा विचारलं म्हणूनच तर,” मी म्हणालो. पण त्यांनी फोन ठेवला होता.

तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “त्या म्हातारीलाच जाऊन विचारा की.” मला हे सुचलंच नव्हतं. दिलेली वस्तू परत मागायची! पुलावर गेलो. माझी चित्रातली आकृतीसुद्धा मला संकोचलेली दिसत होती. म्हातारी म्हणाली, ‘परत हवा? मग त्याला लढून हरव. माझा पक्षी मला दे आणि तुझा प्राणी ने.’

म्हणजे आता आम्हाला ‘आजोबां’ना हरवायचं होतं.

कोचनी धडक्या सोडला. धडक्यानं धडक मारली. आजोबांनी मान आत घेतली. धडक्या पाठीवर आपटून स्वतःच लंगडू लागला. पुन्हा धडक, पुन्हा मान आत.

“अरे हा म्हातारा हलत का नाही!” कोच ओरडले. “मार! फोड त्याला! काका, तुम्हाला नाही म्हणत.”

काट्याचे काटे पाठीवर मोडले. भडकूनं आग ओकली, कासव जरा काळं पडलं, एवढंच. आणि आमचा एकेक गडी दमून पडत गेला. नुसते मारकुटे नकोत असं नातीनं लिहिलं होतं, ते समोरच्या बाजूला उभं राहिल्यावर पटलं. आणि मला एक विचित्र, लाजिरवाणी गोष्ट जाणवत होती. आम्ही हरत होतो आणि मला आतून बरं वाटत होतं.

“पुन्हा!” कोच गरजले, आणि दारावर थाप पडली.

दारात इमारतीचे सेक्रेटरी. हातात वही. “तक्रार आली आहे. इथून ‘मार, फोड, म्हाताऱ्याला सोडू नको’ असे आवाज येतात. वरच्या बाईंना वाटलं तुमचं काही बरंवाईट होतंय.”

मी पार खचलो. या इमारतीत राहायला आल्यापासून माझ्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती, तक्रार यावी असा मी राहिलोच नव्हतो. सिस्टरनी सेक्रेटरींना आत ओढून सगळं सांगितलं. त्यांनी पडदा पाहिला, वही मिटली आणि खालच्या आवाजात विचारलं, “सहावा सभासद अजून नेमायचाच आहे?”

“भडकू परत द्यायचाय, म्हणजे जागा आहेच,” सिस्टर म्हणाल्या. “आजोबा आले तरी एक कमीच पडतोय.”

“मग माझं नाव... म्हणजे माझ्याकडे एक नाव आहे.” त्यांना दुसऱ्याच दिवशी एक घंटेसारखा प्राणी सापडला, घंट्या. तो टण वाजला की समोरच्याची एक चाल वाया जायची. “बैठक स्थगित!” असं म्हणून सेक्रेटरी तो दाबायचे. इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर वार्षिक सभेतही पाहिलं नव्हतं, अर्थात वार्षिक सभेला मी जात नसे.

पण घंटा वाजूनही आजोबा हरेनात. रोज एक तास, वर मुलाकडून मिळालेला अर्धा तास. रोज पुलावर पराभव. आणि रोज चहा. कप माझ्याकडे तीनच होते, म्हणून सेक्रेटरी आपला घरून घेऊन येत आणि इथेच विसरून जात. पार्सल शनिवारी दुपारच्या आत हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंकडे पोचायला हवं होतं, कारण त्यानंतर त्या पार्सल घेत नाहीत. टपालाला लागणारे दिवस वजा केले तर आमच्याकडे शेवटचा एकच दिवस उरला होता.

त्या दिवशी कोचनी आखणी केली, सिस्टरनी ती खोडली, सेक्रेटरींनी दोन्हींना दुरुस्ती सुचवली. लढाई अर्ध्यावर आली. धडक्या आडवा, काट्या आडवा, भडकू आणि घंट्या कधीच आडवे. डबक्या आणि झुळूक तेवढे उरले होते. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ संपत आल्याचं घड्याळ लुकलुकायला लागलं.

“मारा काका, मारा काहीतरी!”

मी त्या कासवाकडे बघत होतो. मान आत. आम्ही काही करायच्या आतच मान आत. मला ते फार ओळखीचं वाटलं.

“थांबू या,” मी म्हणालो.

“काय?”

“काही करायचं नाही. सगळ्यांनी मारायला घेतलं की तो आत जातो. कुणी काही केलं नाही तर तो डोकं बाहेर काढेल.”

“कशावरून?” कोच.

“मी काढतो,” मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. मी झुळूकला नुसती फुंकर घालायला सांगितली, कुणावर नाही, हवेत. एक चाल वाया. मग दुसरी. कोचनी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते, बहुतेक आवाज आत कोंडण्यासाठी. खोली इतकी शांत झाली की सेक्रेटरींच्या कपातल्या चमच्याचा आवाज आला. आणि हळूच, अगदी हळूच, पाठीखालून एक डोकं बाहेर आलं. इकडेतिकडे बघितलं.

“आता,” सिस्टर कुजबुजल्या. डबक्यानं एकच पिचकारी मारली. आजोबा डोळे मिचकावत खाली बसले.

कोचनी मला उचललं. शब्दशः उचललं. सिस्टर ओरडल्या, “अहो, हाडं बघा त्यांची!” वरच्या बाईंनी जमिनीवर काठी आपटली, आणि सेक्रेटरींनी छताकडे बघून सांगितलं, “तक्रार नोंदवली आहे!” म्हातारीनं कासव परत दिलं आणि पक्षी नेला. तेवढ्यात पडद्यावर ‘आज पुरे! आता बाहेर जाऊन खेळा’ असं आलं. आम्ही खरंच चौघेही खाली जाऊन अंगणात उभे राहिलो. काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं, पण बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्सल बांधायला तिघंही आले. खोकं कोचचं, सुतळी सेक्रेटरींची, गाठी सिस्टरच्या. मी उत्तर लिहिण्यासाठी पत्र काढायला शब्दकोश उघडला, आणि सिस्टरनी त्यातली काळी दोरी ओढून काढली.

“काका! हा काय प्रकार?”

“खूण आहे. फार चांगली आहे, घसरत नाही.”

“अहो, ही मशीनची चार्जिंगची वायर आहे! इतके दिवस माझा चार्जर वापरलात, आणि ही पुस्तकात!”

तिघं इतके हसले की कोचना भिंतीला टेकावं लागलं. मीही हसलो. सिस्टर डोळे पुसत दोरी गुंडाळून खोक्यात ठेवू लागल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. मग त्यांच्या हातातून दोरी घेतली आणि परत शब्दकोशात ठेवली.

“काका, वायर राहील ना!”

“राहू दे,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्यापुढे पेन सरकवलं. मग म्हणाल्या, “लिहा तुम्ही. आम्ही गप्प बसतो.” कोच गप्प बसल्याचं मी दुसऱ्यांदा पाहिलं.

मी मसुदा न करता लिहिलं:

‘बाळ, टीम पाठवतो आहे. आजोबा, झुळूक, डबक्या, काट्या, धडक्या आणि घंट्या. बॅलन्स्ड आहे असं कोच म्हणतात. कोच म्हणजे खालचे काका, धडक्या त्यांचा. काट्या समोरच्या सिस्टरचा आणि घंट्या सेक्रेटरींचा. आजोबांना मी मधे चुकून दुसऱ्यांना दिलं होतं, त्यांना परत आणायला आम्ही चौघे लागलो. तू विचारलं होतंस की माझ्याशी कोणी बोलत नाही तेव्हा मी काय करतो. मी पुस्तक वाचत असे. पण मग एकदा मी चार्जर मागायला गेलो, आणि माणसं घरी आली ती अजून गेलेली नाहीत. या क्षणीही इथेच बसली आहेत. मशीनची बॅटरी थोडीच उरली आहे, रविवारपर्यंत पुरणार नाही. वायर मी मुद्दाम पाठवत नाही. शेजारच्या कॉटवरच्या मुलीकडे माग. वाक्य आधी तयार करू नकोस, मी केलं होतं, ते ऐन वेळी उपयोगी पडत नाही. तुझा, आजोबा.’

टपाल कचेरीत आम्ही चौघे गेलो. खिडकीतल्या माणसानं खोकं हलवून विचारलं, “आत काय आहे?”

मी मागे वळून तिघांकडे बघितलं आणि म्हणालो, “खेळणं.” त्यानं शिक्का मारला.

पत्र खोक्यात नव्हतं, वेगळं होतं. ते मी स्वतः पेटीत टाकलं.